कुलपाचा आकडा आणि कारागिराची वही

मुरुड-श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप लवकर गंजते आणि चावीवाल्याला बोलावणे येते. त्याचा आकडा घरीच घडतो. कार्बन पोलादाच्या जुन्या हॅक्सॉ ब्लेडवर कानस नीट चालत नाही. आकार ग्राइंडरवरच द्यावा. पाते निळे पडले की पाणी उतरले समजा, म्हणून ते वरचेवर पाण्यात बुडवावे. शेवटी बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत कराव्यात. खरखरीत आकडा अडकतो, हाताला अंदाज देत नाही.

मात्र हत्यारापेक्षा इमान मोठे. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचे हत्यार सबळ कारणाविना बाळगणे हा १९५१ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे. तेव्हा मालकाची खात्री करूनच कुलूप उघडावे. वहीत नाव, पत्ता, सही घ्यावी. रात्री चौकशी झालीच, तर ही वहीच कारागिराच्या कामी येते.