कानापुढचा सांधा

दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटांखाली एक हाडाची गोटी आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे घसरते. बिजागरी नुसती फिरते. हा सांधा दोन्ही करतो.

‘मला टीएमजे झालाय’ असं अनेक जण सांगतात. पण टीएमजे, म्हणजे टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट, हे सांध्याचं नाव आहे. ते झालं म्हणणं ‘मला गुडघा झालाय’ म्हणण्यासारखंच. इथल्या आजारांना टीएमडी, म्हणजे टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर्स, म्हणतात, आणि तेही एका आजाराचं नाव नव्हे, गटाचं. त्यात सांधा मुळीच बिघडलेला नसून चावण्याचे स्नायू दुखत असतात, असे रुग्ण खूप असतात.

या सांध्याच्या हाडांमध्ये कूर्चेसारखी एक चिवट गादी असते. ती पुढे सरकली, की तोंड उघडताना गोटी तिच्यावर चढते आणि कट्ट वाजतं. दुखत नसेल, तर या आवाजावर सहसा उपचार लागत नाहीत. मात्र कधी गादी पुढेच अडकते. मग आवाज थांबतो, पण तोंडही पुरतं उघडत नाही. म्हणून आवाज गेला की बरं झालं, असं समजू नये.

नावामुळे उपचार कसे वाहवत जातात, हे एका जुन्या उदाहरणात दिसतं. 1934 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कानदुखी, चक्कर अशा तक्रारींचा संबंध पडलेल्या दाढांशी जोडला. ‘कॉस्टेन सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं आणि दोष दातांच्या ठेवणीवर गेला. त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, तरी कित्येकांचे धडधाकट दात घासून झिजवले गेले. झिजवलेला दात पुन्हा वाढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. सुपारी-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तर दोष बहुधा सांध्याचा नसतो. गालाचं आतलं अस्तर ताठरलेलं असतं. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, तेव्हा तपासणी लगेच हवी.

टीएमडी ओळखण्याच्या 2014 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक साधी गोष्ट आहे. डॉक्टर गालाचा, कानशिलाचा स्नायू बोटाने दाबतात आणि विचारतात, ‘एरवी दुखतं ते हेच का?’