हरवलेली ठिणगी : मोटारीचे प्लग आणि कॉइल

मोटार चालते, पण उड्डाणपुलाच्या चढावर तिला दम लागतो. सिग्नलपाशी उभी असताना हिवताप भरल्यासारखी थरथरते. पेट्रोल पूर्वीपेक्षा अधिक पिते. आपल्या उपनगरांतले गॅरेजवाले अशा गाडीविषयी ‘मिसिंग करते’ असे म्हणतात. शब्द परका असला तरी नेमका आहे. इंजिनाच्या तीन किंवा चार सिलिंडरांपैकी एखाद्यातली ठिणगी वेळेवर पडत नसते आणि त्याच्या वाट्याचा भार उरलेले भाऊ ओढीत असतात.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा चारही प्लग आणि चारही कॉइल बदलल्याचे बिल हाती येते. त्यांपैकी एकच कॉइल बिघडलेली असण्याचा संभव मोठा असतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातलाच हा प्रकार. प्लग बदलणे हे पाऊण तासाचे काम आहे. ठिणगी कोठे हरवली हे शोधणे हेच खरे काम. ते साध्या गृहस्थालाही आपल्या सोसायटीच्या अंगणात करता येते. ते कसे, आणि कोठे थांबावे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ठिणगी म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलचे इंजिन चार पावलांनी चालते : हवा व इंधन आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. दाबलेले मिश्रण पेटवण्याचे काम प्लगचे. त्याच्या टोकाशी दोन धातूंमध्ये सुमारे एक मिलिमीटरची, कधी त्याहूनही कमी, फट असते आणि वीज ती फट उडी मारून ओलांडते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एकेक प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या पाडतो. अंधेरीहून बोरिवलीस अर्ध्या तासात पोचलात, तर तेवढ्यात प्रत्येक प्लगने ३०,००० ठिणग्या पाडलेल्या असतात. इतके राबल्यावर धातू झिजतो यात नवल नाही.

आता अडचण अशी की, बॅटरीत वीज असते १२ व्होल्टची, आणि दाबलेल्या हवेतली फट ओलांडण्यास लागतात १५ ते ३० हजार व्होल्ट. हा चमत्कार कॉइल करते. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि त्याच गाभ्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच तिचा संसार. जाड तारेतून वीज वाहू द्यावयाची आणि ती एकाएकी तोडावयाची. भरधाव लोकलने अचानक ब्रेक मारला की उभ्या उतारूंचा लोंढा पुढे कोसळतो ना, तसे काहीसे येथे घडते. कोसळणाऱ्या चुंबकत्वाचा सगळा जोर बारीक तारेत उच्च दाबाची वीज होऊन उठतो. मायकेल फॅरडे याने १८३१ साली हे तत्त्व दाखवून दिले. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी व कॉइलची जी जोडणी बसवली, तीच जगभरच्या मोटारींत अनेक दशके चालली. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीचे प्लग घरोघर माहीत झाले; त्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड आहे.

मुंबईकराला ही जुनी रचना चांगलीच परिचयाची होती, कारण ती काळ्यापिवळ्या टॅक्सीत होती. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली ती गाडी. तिला कॉइल एकच. ती वीज डिस्ट्रिब्युटरमधून पाळीपाळीने चार प्लगांना वाटली जाई. पाळी १-३-४-२ अशी. वीज तोडण्याचे काम पॉइंट नावाची छोटी धातूची जोडी करी. पावसात गाडी अडली की टॅक्सीवाला बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुसून कोरडे करी, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवी, आणि प्लगची फट मोजण्यास हत्यार नसले तर करवतीचे पाते घालून अंदाज घेई. यंत्र त्याच्या मालकीचे असो वा नसो, विद्या त्याच्या मालकीची होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

आजच्या बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही, पॉइंट नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसलेली असते आणि वीज केव्हा तोडायची हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पाहणाऱ्याला वाटते, हे आता आपल्या हातचे नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. जुन्या गाडीत दोष चार-पाच जागी असू शकत होता. नव्या गाडीत एकेका सिलिंडरचा हिशेब वेगळा मांडलेला असल्याने चोर पकडणे सोपे झाले आहे.

शोध कसा घ्यावा? गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत सुकाणूच्या खालच्या बाजूस स्कॅनर जोडण्याची खोबण असते. काही शे रुपयांत मिळणारा साधा स्कॅनर तेथे लावला की संगणकाने टिपलेला दोष मोबाइलवर वाचता येतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ठिणगी चुकते, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, याप्रमाणे. स्कॅनर नसेल तर इंजिन बंद असताना एका कॉइलची तारजोडणी काढावी, मग इंजिन थोडा वेळ चालवून ऐकावे. थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर गुन्हेगार तोच. पुढची पाळी घेण्यापूर्वी पुन्हा इंजिन बंद करावे. चालू इंजिनावर कॉइल ओढून काढणे हा जुना गॅरेजी प्रयोग नव्या गाडीत कधीही करू नये. त्यात हाताला जबर झटका बसतो आणि संगणकही दगावू शकतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर चालू इंजिनाच्या या भागापासून दूरच राहावे.

समजा, दुसऱ्या सिलिंडरात दोष निघाला. आता दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी. प्लगांना हात लावू नये. गाडी चालवून पुन्हा पाहावे. दोष तिसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिला तर आता प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग दोषी. दोन्ही बदलूनही तो हटत नसेल तर दोघेही निर्दोष आहेत. इंजेक्टर, व्हाल्व किंवा सिलिंडरातला दाब यांकडे पाहावे लागेल. ते काम मिस्त्रीचे. एक पैसाही खर्च न करता एवढा न्यायनिवाडा होतो.

आता बदलण्याची कृती. इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून सकाळची वेळ उत्तम. हल्लीच्या इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात, आणि आटे गेले की दोनशे रुपयांच्या कामाचे दहा हजार होतात. किल्ली काढून बॅटरीची वजा बाजू सोडवावी. एका वेळी एकच सिलिंडर उघडावा. कॉइलची तारजोडणी कळ दाबून सोडवावी, बोल्ट काढावा, कॉइल किंचित पिळून सरळ वर ओढावी. प्लगभोवतीच्या विहिरीतली धूळ सायकलच्या पंपाने उडवावी, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरात पडते. मग लांब प्लग-पान्याने प्लग सोडवावा. तो अडत असेल तर जोर करू नये. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाकून थांबावे आणि थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवावे.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. दिसायला सारखे असले तरी काही प्लग उष्णता लवकर सोडतात, काही उशिरा. चुकीचा घेतला तर एक तर काजळी धरतो नाहीतर तापून इंजिनास इजा करतो. बाजारात नकली मालही असतो, तेव्हा दुकान ओळखीचे असावे. फट फिलर गेजने तपासावी, परंतु इरिडियमच्या प्लगचे मधले टोक केसासारखे नाजूक असते, त्याला दाब देऊ नये. प्लग बसवताना त्याच्या शेंड्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनी फिरवावा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, आटे वाचतात. बोटाने घट्ट झाल्यावर, वायसर असलेला नवा प्लग पान्याने आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. बिनवायसरचा, निमुळत्या बैठकीचा असेल तर फेऱ्याचा सोळावा हिस्सा पुरे. पुस्तिकेतला आकडा आणि टॉर्क पाना हाताशी असेल तर त्याहून उत्तम. कॉइल परत बसवताना तिची रबरी नळी कोरडी, न फाटलेली असावी. गाडी सीएनजीवर चालत असेल तर गॅसच्या नळ्यांना हात लावू नये, आणि वास आला तर काम तेथेच थांबवावे.

काढलेले प्लग फेकून देण्याआधी वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावेत. ते इंजिनाची नाडी सांगतात. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. तेलकट ओले टोक म्हणजे इंजिन ऑइल आत झिरपते आहे. हे दुखणे प्लग बदलून जाणारे नव्हे. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे अति उष्णता. सीएनजीवर मात्र टोक मुळातच फिके दिसते, त्याने घाबरू नये. चिनी मातीला तडा असेल तर तो प्लग बाद.

सीएनजीचा आणखी एक मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. दाबलेल्या गॅसमधून ठिणगी उडवण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्ट लागतात. म्हणून जो झिजका प्लग पेट्रोलवर निभावतो, तोच गॅसवर चुकतो, आणि कॉइललाही जास्त राबावे लागते. येथे एक साखळी ध्यानात ठेवावी. प्लग झिजला की फट वाढते. फट वाढली की कॉइलवर ताण येतो आणि तिचे आवरण फुटते. ठिणगी चुकली की न जळलेले इंधन धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते व जाळते. शेकड्यांतला प्लग टाळला तर हजारांतली कॉइल आणि त्याहून महाग कन्व्हर्टर जातो. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी पुढे दामटू नये.

पावसाळ्याचेही असेच. तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली की कधी कधी प्लगच्या विहिरीत पाणी शिरते आणि ठिणगी रबराबाहेरून निसटते. पुसून कोरडे केले की बहुधा भागते. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तशा पुरात गाडी बुडाली असेल, तर किल्ली फिरवूच नये. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आतले दांडे वाकतात. आधी सगळे प्लग काढून पाण्याला वाट द्यावी लागते.

आता एक प्रश्न उरतो, आणि कामगार चळवळीतल्या माणसाला तो टाळता येत नाही. सगळ्यांनी घरीच प्लग बदलले तर मिस्त्रीच्या पोटाचे काय? माझे उत्तर असे. चारही कॉइल बदलण्याची प्रथा मिस्त्रीच्या लबाडीनेच पडली असे मानणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक सुट्या भागाचे दोन हजार मुकाट्याने देते, पण ‘अर्धा तास शोधले, त्याचे तीनशे’ म्हटले की वाद घालते. हातात काही वस्तू पडली नाही तर पैसे कशाचे, असे त्याला वाटते. मग मिस्त्री तरी शोधील कशाला? तो भाग बदलतो, दलालीवर पोट भरतो आणि त्याच्या हाताखालचा पोरगा शोधण्याची विद्या न शिकताच मोठा होतो. विद्येला मजुरी नसली की विद्या मरते. गिरणीत, कारखान्यात हेच घडले. गॅरेजातही तेच घडते आहे.

याची झळ सर्वांत आधी बसते ती भाड्याने गाडी चालवणाऱ्याला. शीव-माहीमच्या अलीकडे धावणाऱ्या रिक्षाचे इंजिन एकाच सिलिंडरचे. तेथे ठिणगी चुकली की भार ओढायला दुसरा भाऊ नाही. गाडी दिवसभर गॅरेजात राहिली तर त्या दिवसाचे भाडे मालकाला द्यायचेच, आणि घरी रिकाम्या हाताने जायचे. त्याला प्लग ओळखता येणे म्हणजे दिवसाची भाकरी वाचणे आहे. घाटकोपर-मुलुंडच्या रिक्षा थांब्यांवर महिन्यातून एकदा तासभर असे शिकवणे कोणत्याही संघटनेला सहज शक्य आहे; त्यास लागतो एक पाना, एक जुना प्लग आणि एक जाणता माणूस.

म्हणून आपण गृहस्थांनी दोन गोष्टी कराव्यात. जे आपल्या हातून होईल ते समजून घेऊन स्वतः करावे. आणि जे होणार नाही त्यासाठी मिस्त्रीकडे जाऊन स्पष्ट सांगावे : आधी शोध, काय बिघडले ते मला दाखव, शोधण्याची मजुरी वेगळी देतो. ती मजुरी मिळू लागली तर बिल तर कमी होईलच, शिवाय शोधणारे हातही आपल्या गावात टिकतील.