पहिला कॅमेरा आणि खोक्यावरचे आकडे

मुंबईत बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानात घटकाभर उभं राहिलं, की पहिला कॅमेरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. ‘किती मेगापिक्सेलचा आहे?’ हा पहिला प्रश्न. ‘फोर-के आहे ना?’ हा दुसरा. मग जरा आवाज उतरवून, ‘ह्याच्यात मागचं ब्लर होतं ना?’ दुकानदार तिन्हींना ‘हो’ म्हणतो आणि त्यात खोटं काही नसतं. गिऱ्हाईक चाळीस-पन्नास हजार मोजून खोकं घरी नेतं आणि आठवड्याभरात त्याला वाटू लागतं, की आपल्या फोनवरच फोटो बरे येत होते.

बजेट बेताचं असेल, तर पैसा बॉडीवर कमी आणि लेन्स, आवाज नि उजेड यांवर जास्त जायला हवा. बाजारातली चर्चा मात्र सगळी बॉडीच्या आकड्यांची. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

‘मेगापिक्सेल जास्त, तर फोटो चांगला’

आज नवशिक्यांसाठी विकला जाणारा जवळपास प्रत्येक कॅमेरा 24 मेगापिक्सेलच्या आसपासचा असतो, म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके. भिंतीवर लावायला 12 बाय 18 इंचांचं प्रिंट काढायचं, तर इंचाला 300 ठिपके या कडक हिशोबानेही 20 मेगापिक्सेलच्या आत भागतं. जरा लांबून बघायचं असेल तर इंचाला 200 पुरे; मग 9 सुद्धा लागत नाहीत. व्हिडिओची भूक त्याहून कमी. फुल एचडीची एक फ्रेम जेमतेम 2 मेगापिक्सेलची, फोर-केची 8 हून थोडी जास्त. सोनीचा 2020 साली आलेला ए7एस-3 हा व्हिडिओवाल्यांचा लाडका आणि चांगला महाग कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा आहे. फोनच्या खोक्यावर 108 नि 200 छापलेलं असतं खरं, पण एरवी तोही शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करून बारा-पंधरा मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतो.

‘कॅमेरा घेतला की फोनपेक्षा चांगला फोटो येणारच’

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज, म्हणून जरा हिशोबच मांडू.

कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा असतो आणि मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, हे खरंच आहे. स्वस्त कॅनन कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साधारण 22 बाय 15 मिलिमीटरचा असतो. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर 10 बाय 7.5 च्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर कॅमेरा चौपटीहून थोडा पुढे. इथवर ठीक. पण उजेड आधी लेन्समधून यायचा असतो. फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, असतं एफ 1.8 च्या घरात; आकडा लहान, तेवढं भोक मोठं. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात मिळणारी 18-55 ची किट लेन्स उघडून उघडून 3.5 पर्यंत उघडते आणि झूम केल्यावर 5.6 वर येते. अ‍ॅपर्चरच्या आकड्याचा वर्ग करावा लागतो. 1.8 च्या तुलनेत 3.5 ला उजेड येतो जवळपास एक चतुर्थांश आणि 5.6 ला जेमतेम एक दशांश. म्हणजे सेन्सरने कमावलेलं चौपट लेन्सने तिथल्या तिथे घालवलं. झूम केलंत तर तोटाच. त्यात फोन एका क्लिकमागे पाच-दहा फ्रेम टिपून, जुळवून, सावल्या उजळून देतो. कॅमेरा बिचारा एकच टिपतो आणि जशी टिपली तशी देतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, केक कापताना, फोनने कॅमेऱ्यावर मात केली तर त्यात नवल नाही.

मग कॅमेरा कशाला? लांबचं जवळ आणायला (तळ्यापलीकडचा बगळा फोनच्या डिजिटल झूममध्ये पांढरा डाग होतो), पळणाऱ्या मुलाला नेमक्या क्षणी पकडायला, फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड पाडायला, रॉ फाइल ठेवून नंतर रंग सुधारायला आणि मुख्य म्हणजे लेन्स बदलायला. यातलं काहीच करायचं नसेल, तर पैसे बँकेत राहू द्यावेत. ‘टँजरीन’ हा 2015 चा अमेरिकी सिनेमा आयफोन 5एसवर चित्रित झाला, तेव्हा फोनने लाजायचं कारण नाही.

‘डोळे मिटून 50 एमएम घ्या’

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. कॅननची 50 एमएम एफ 1.8 ही लेन्स दहा-बारा हजारांच्या घरात मिळते, आणि वरच्या हिशोबात हरलेला कॅमेरा ती बसवल्याबरोबर जिंकतो. चेहरे सुरेख येतात, मागचं विरघळतं.

पण आपली घरं बघा. दहा फुटांची खोली, भिंतीला पाठ लावून तुम्ही उभे, समोरच्या भिंतीपाशी बारशाचा पाळणा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 50 एमएम लावली तर तीन मीटरवरून फ्रेममध्ये मावते फक्त 1.3 मीटर रुंदी, म्हणजे साडेचार फुटांच्या आत. पाळणा येईल, शेजारी आई येईल. आत्या कापली जाणार. आणि आत्याला कापून काढलेला बारशाचा फोटो पुढे किती महागात पडतो, ते सांगायला नको. त्याच जागेवरून किट लेन्स 18 वर ठेवली तर 3.7 मीटर मावतात, आख्खं घर येतं. घरात आणि छोट्या हॉलमध्ये शूट करणाऱ्याला 24 एमएम जास्त कामाची. त्याच तीन मीटरवरून नऊ फूट रुंदी मिळते.

राहिलं ब्लर. ते अ‍ॅपर्चरइतकंच अंतरावरही ठरतं. किट लेन्स 55 वर न्या, माणसाला भिंतीपासून पंधरा-वीस फूट पुढे आणा, तुम्ही त्याच्यापासून चार-पाच फुटांवर उभे राहा. मागचं ब्लर होतं की नाही ते बघा आणि मग लेन्स घ्यायची का ते ठरवा.

फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीहून मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याबद्दल एवढंच, की त्याची बॉडी जुन्या बाजारात कधीकधी मोहात पाडण्याइतकी स्वस्त मिळते, लेन्स मात्र मिळत नाहीत. पहिल्या कॅमेऱ्याला तो विषयच नको.

‘फोर-के लिहिलंय म्हणजे व्हिडिओला भारी’

खोक्यावर फोर-के असतं. त्याच्या अटी माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात. कॅननचा एम50 (2018) आणि 200डी-2 (2019) या दोन्ही मॉडेलांत फोर-के सुरू केलं की दोन गोष्टी होतात. सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो, त्यामुळे चित्र आणखी दीडपटीहून जास्त जवळ येतं आणि हातभर अंतरावर कॅमेरा धरून स्वतःला टिपणाऱ्याचे नुसते नाक-डोळे दिसतात. शिवाय ड्युअल पिक्सेल हा त्या कॅमेऱ्यांचा सगळ्यात चांगला फोकस फोर-केमध्ये बंद होतो. माणूस जरा पुढेमागे झाला की फोकस चाचपडत बसतो. हेच कॅमेरे फुल एचडीत शहाण्यासारखे वागतात. सोनी झेडव्ही-ई10 चा फोकस फोर-केमध्येही उत्तम, पण त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. चालत चालत बोलायचं असेल तर हे आधी माहीत हवं.

फोर-केचा खर्च तिथे थांबत नाही. सेकंदाला 100 मेगाबिटने चित्रीकरण केलं तर तासाला 45 जीबी भरतात. (मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटींचा फरक, 100 मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट.) कार्डावर ठळक छापलेला 170 वगैरे आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. चित्रीकरणाला लागतो तो सलग लिहिण्याचा वेग, आणि त्यासाठी कार्डावर बारीकसं व्ही30 आहे का ते बघायचं. तीस मेगाबाइटची हमी, काम झालं. मग एडिटिंगला घरचा लॅपटॉप धापा टाकायला लागला की लोक मुकाट्याने फुल एचडीवर येतात. बघणाऱ्याच्या हातात फोन असतो, त्याला फरक कळतही नाही.

चित्र थोडं मऊ असलं तर बघणारा खपवून घेतो, घुमणारा आवाज खपवून घेत नाही. म्हणून व्हिडिओ करणाऱ्याने मेगापिक्सेलआधी बॉडीच्या बाजूचं रबरी झाकण उघडून बघावं: माइकचं भोक आहे का? कॅनन 1500डी ला नाही. निकॉन डी3500 लाही नाही. हे दोन्ही फोटोसाठी चांगले कॅमेरे आहेत, पण कीर्तन किंवा मुलाखत टिपायला घेतले तर डोक्याला हात लावायची पाळी येते. घेऊनच बसला असाल तर उपाय आहे. हजारभर रुपयांचा कॉलर माइक फोनला लावा, फोन वक्त्याच्या खिशात ठेवा, सुरुवातीला जोरात एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये टाळीवर टाळी जुळवा.

कीर्तनावरून आठवलं, अनेक जुन्या कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतं. बिघाड नव्हे तो. सलग अर्धा तास किंवा जास्त चित्रीकरण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून जकात लावायचे, ती चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली. जकात तिकडची, पूर्वरंगाचा शेवट हुकतो आपला.

दुसरा असाच खोटा बिघाड म्हणजे चित्रावरून सरकणारे काळपट पट्टे. आपली वीज 50 हर्ट्‌झची. साधे एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, डोळ्याला दिसत नाही एवढंच. कॅमेरा 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर असेल तर त्याचा नि दिव्यांचा ताल जुळत नाही. मेनूत व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ करा, 25 फ्रेम, शटर 1/50. बहुतेक वेळा पट्टे जातात.

‘डीएसएलआर संपले, जुना घेणं म्हणजे फसगत’

कॅनन आणि निकॉन दोघांनीही 2020 नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे बरोबर. म्हणून घरोघरी पडलेले डीएसएलआर निकामी होत नाहीत, स्वस्त होतात. माझं मत विचाराल, तर शिकणाऱ्याला जुना कॅनन 200डी (2017) पुष्कळ झाला. फोर-के नाही, पण माइकचं भोक आहे, वळणारा टच स्क्रीन आहे आणि फुल एचडीत ड्युअल पिक्सेल फोकस आहे. हाताशी 40 हजार असतील, तर निम्म्याहून थोडे जास्त बॉडी नि किट लेन्सवर, उरलेल्यात एक उजळ लेन्स, कॉलर माइक, धड ट्रायपॉड आणि कार्ड. 200डी च्या लेन्स पुढे अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या नव्या आर मालिकेवर चालतात. एम50 चं तसं नाही. त्याचा ईएफ-एम माउंट कॅननने बंद केला आणि त्या लेन्स नव्या बॉडीवर बसतच नाहीत. निकॉनमध्ये वेगळी मेख: डी3000 आणि डी5000 मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ‘एएफ’ लिहिलेली जुनी, स्वस्त 50 एमएम घेतली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्यायची.

जुना घेताना सगळे शटर काउंट विचारतात. या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात, म्हणून विचारणं योग्यच. निकॉनच्या जेपीजी फाइलमध्येच तो आकडा सापडतो, कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण व्हिडिओ कितीही केला तरी क्लिक वाढत नाहीत, तेव्हा कमी आकडा बघून हुरळून जाऊ नये. बॉडीपेक्षा लेन्स नीट बघावी. ती काढून घ्या, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. किंमत निम्मी सांगितली तरी घेऊ नका. धुळीचे दोनचार कण असतील तर चालतात, फोटोत दिसत नाहीत.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात ही बुरशी नव्या लेन्सलाही एका पावसाळ्यात धरते. बॅगेसकट कपाटात कोंडून ठेवलेल्या कॅमेऱ्याला तर हमखास. रबर असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि रंग बदलला की त्या पुन्हा तापवून कोरड्या करायच्या. एवढी तरतूद पहिल्याच खरेदीत करून टाकावी.