मोरचूद, चुना आणि शेनिन ब्लाँ

वैतरणेच्या तलावांचं पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं आणि मग मुंबईच्या नळांना येतं. त्यामुळे जून लागला की आम्ही भांडुपकर तलाव किती भरले ते बघतो. ऊर्ध्व वैतरणेच्या पलीकडे, दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात, द्राक्षबागाईतदाराचे डोळे मात्र पाऊस कधी जातो याकडे लागलेले असतात. महाराष्ट्रात सेंद्रिय वाइन होईल की नाही, हे या परतीच्या पावसावर ठरतं असं माझं मत आहे.

भूमध्य समुद्राकाठी द्राक्ष कोरड्या उन्हाळ्यात पिकतं. स्पेन, फ्रान्स, इटली सेंद्रिय द्राक्षबागांत पुढे आहेत त्यामागे हे मोठं कारण आहे. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटावा लागतो: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ घ्यायचं एकदाच, जानेवारीअखेर ते मार्च. गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटीबरोबर घड बाहेर पडतात आणि नेमका तेव्हा पाऊस झाला की पानांवर तेलकट डाग उमटतात. पान उलटवलं की खाली पांढरी बुरशी. हा केवडा. फुलोऱ्यात शिरला तर घड गेलाच म्हणायचं. त्यातून बाग वाचली तर पुढे भुरी आहेच.

एरवी यावर आंतरप्रवाही औषधं मारतात. सेंद्रिय बागेत उरतात ती मोरचूद, चुना, गंधक आणि ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी. एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग प्लॅस्टिकच्या पिंपात एकत्र करून ढवळायचे. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार होतं. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. नाहीतर कोवळी पानं करपतात. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी 1885 च्या सुमाराला पुढे आणलेलं हे मिश्रण सेंद्रिय नियमांत बसतं, पण त्यातलं तांबं जमिनीत साचत जातं. म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. दर सरीनंतर फवारायची वेळ आली तर ही मर्यादा पाळणं फार अवघड. सेंद्रिय म्हणजे काहीच न फवारणं, हा शहरातला समज यासाठीच सोडायला हवा.

आपल्याकडच्या नामवंत वाइनरींमागे बहुधा एखादं कुटुंबच आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात इंडेज उभी केली, तिची ‘ओमर खय्याम’ परदेशातही गेली. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ लावली आणि आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून सुला काढली. 2000 साली तिची पहिली वाइन आली. आज तिची बरीच द्राक्षं कराराच्या शेतकऱ्यांकडून येतात. कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाची रेव्हेलो स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांवर भर देते. अकलूजला मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्लीच्या बागा लावल्या. माळशिरस तालुका पर्जन्यछायेत येतो, केवड्याला तिथे नाशिकपेक्षा कमी वाव. सेंद्रिय प्रयोगासाठी मला ती बाजू अधिक आशेची वाटते.

बाग घरची असली की एका हंगामाचा तोटा पुढच्या दहा वर्षांच्या हिशेबात बसवता येतो. करारावर द्राक्ष घालणाऱ्याला ती सोय नाही.

वाइनरीत अडचण वेगळी. उन्हाच्या प्रदेशात द्राक्ष पिकताना आम्लता झपाट्याने उतरते. आम्लता कमी झालेल्या रसात सल्फाइटचा प्रभावही कमी पडतो, म्हणजे ते जास्त घालावं लागतं. युरोपात 2012 पासून सेंद्रिय वाइनला नियम आहे: कोरड्या रेड वाइनमध्ये लिटरला 100 मिलिग्रॅम, व्हाइटमध्ये 150 मिलिग्रॅम सल्फाइट, त्याहून जास्त नाही. अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’ लिहायचं तर वरून सल्फाइट घालताच येत नाही. आपल्याकडे मग तोडणी पहाटेच्या गारव्यात, आम्लता टिकून असतानाच उरकावी लागते. पिंपं आणि नळ्यांच्या स्वच्छतेत ढिलाई चालत नाही.

औषधांच्या अंशांची धास्ती द्राक्षवाल्यांना नवी नाही. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा निर्यातदार आणि शेतकरी दोघेही पोळले. तेव्हापासून अंश तपासून घेणं अंगवळणी पडलंय. त्यापुढे जायचं तर आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय नियमांप्रमाणे बहुवर्षायू पिकाला साधारण तीन वर्षांचा परिवर्तनकाळ काढावा लागतो. या काळात उत्पादन घटू शकतं, खर्च वाढतो आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. वाइनरीने इथे पहिल्याच वर्षापासून वाढीव दर बांधून द्यावा आणि तो किलोऐवजी एकरावर द्यावा. सुरुवात दोन-चार एकर कॅबरने सोविन्योंने करावी. तिचा घड सुटा, साल जाड, कुज कमी. शेनिन ब्लाँचा गच्च घड पावसाचं पाणी धरून ठेवतो, तिची पाळी सगळ्यात शेवटी.