वीरगळाचा वरचा कप्पा
प्रशांत महासागरातील रणचित्रे व योधाजीव सुत्त

रणात पडलेल्या माणसाची आकृती दगडावर कोरून ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात फार जुनी आहे. मावळ-मुळशीच्या खोऱ्यांतील गावांत हिंडणाऱ्यास वेशीपाशी, एखाद्या देवळाच्या मागे किंवा पाणवठ्याजवळ अशा शिळा आजही अर्धवट मातीत रुतलेल्या आढळतात. त्यांनाच वीरगळ म्हणतात. कित्येक ठिकाणी त्यांना शेंदूर फासून देव करण्यात आले आहे; काही ठिकाणी त्यांवर कपडे धुतले जातात. वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. खालच्या कप्प्यात युद्ध अथवा युद्धात पडलेला वीर, मधल्या कप्प्यात त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वरच्या कप्प्यात स्वर्गात शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईतील एक्सर येथील प्रसिद्ध वीरगळांवर वल्ह्यांची जहाजे व समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. तेथेही लढाई खाली आणि स्वर्ग वर हाच क्रम आहे.

मुळशी तालुक्यातील एका गावी वर्षावासाच्या काळात आमचा अभ्यासवर्ग चालू होता. वर्गास येताना वाटेत असा एक वीरगळ पाहण्यात आला होता, म्हणून त्या दिवशी विषय सहजच तिकडे वळला. वर्गात महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ नियमाने येत असत. सर्वजण त्यांना सुभेदार काका म्हणत. वीरगळाचा वरचा कप्पा धम्माला मान्य नाही, असे आम्ही सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही वरचा कप्पा काढून टाकला. मग खाली जो मेला त्याचं काय? आमच्या पलटणीतली पोरं माझ्या डोळ्यांदेखत गेली. ती कुठल्या कप्प्यात घालायची?"

या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही पुरेसे उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. त्यासाठी मुळशीपासून फार दूर, प्रशांत महासागरातील युद्धाच्या चित्रांपर्यंत जावे लागेल. कारण असे की, विसाव्या शतकात ज्या देशांनी मोठ्या आग्रहाने रणचित्रे काढून घेतली त्यांत जपान होता, आणि जपान हा बौद्ध परंपरेचा देश आहे.

प्रथम सुत्त पाहू. संयुत्त निकायाच्या गामणि संयुत्तात योधाजीव नावाचा ग्रामप्रमुख तथागतांकडे येतो. शस्त्रावर पोट असलेला हा माणूस आहे. प्राचीन आचार्य असे सांगत आले की, जो योद्धा रणात शर्थीने लढता लढता मारला जातो तो सरंजित नावाच्या देवांच्या लोकी जन्म घेतो. याविषयी आपले मत काय, असे तो विचारतो. तथागत दोन वेळा हा प्रश्न टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ते स्पष्ट सांगतात की, या प्राण्यांचा वध व्हावा, नाश व्हावा असे ज्याचे चित्त त्या क्षणी झालेले असते त्याची गती देवलोकाची नसून अधोगतीची असते, आणि स्वर्गाची ही कल्पना मिथ्यादृष्टी होय. ते ऐकून योधाजीव रडू लागतो. तथागत म्हणतात, म्हणूनच मी सांगत नव्हतो. तेव्हा योधाजीव उत्तर देतो की, आपल्या उत्तरामुळे मला रडू येत नाही. त्या आचार्यांनी इतका दीर्घकाळ मला फसविले, याचे मला रडू येते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना यातील नरकाची भाषा रुचणार नाही. ती रुचावी असा आमचा आग्रहही नाही. परंतु या सुत्ताचे मर्म नरकात नसून त्या रडण्यात आहे. मरणाऱ्या सैनिकाला स्वर्गाचे आमिष दाखविणारा स्वतः रणात जात नाही. वीरगळाचा वरचा कप्पा हा मेलेल्याने कोरलेला नसतो.

आता चित्रांकडे वळू. चीनवरील आक्रमणाच्या काळापासून जपानच्या सेनादलांनी नामवंत चित्रकारांना आघाडीवर पाठवून, अथवा घरी बसवून, मोठमोठी रणचित्रे काढून घेतली. ती प्रदर्शनांतून गावोगावी फिरविली जात. या चित्रकारांत सर्वांत प्रसिद्ध होते त्सुगुहारू फुजिता. १८८६ साली जन्मलेले फुजिता १९१३ मध्ये पॅरिसला गेले आणि तेथे दुधाळ रंगाच्या पार्श्वभूमीवरील नाजूक रेषेच्या चित्रांनी त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. त्यांचे वडील सैन्यात वैद्यकीय अधिकारी होते. युद्धकाळात तेच फुजिता सैन्याच्या चित्रकलेचे अग्रणी झाले.

१९४३ च्या मे महिन्यात उत्तर प्रशांत महासागरातील अत्तू नावाच्या थंड, उजाड बेटावर अमेरिकेचे सैन्य उतरले. ११ मे रोजी सुरू झालेली लढाई २९ मे रोजी जपानी तुकडीच्या अखेरच्या हल्ल्याने जवळजवळ संपली. सुमारे अडीच हजार जपानी सैनिकांपैकी तीसही जिवंत हाती लागले नाहीत. अमेरिकेचे सुमारे साडेपाचशे सैनिक ठार झाले. जपानी सरकारने या संहारासाठी 'ग्योकुसाई' हा शब्द जाहीरपणे वापरला. अखंड कौलासारखे टिकून राहण्यापेक्षा रत्नासारखे फुटून जाणे श्रेष्ठ, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वचनातून तो शब्द आला आहे. ज्यांना कुमक पाठविली नाही, परतही आणले नाही, ती माणसे एका शब्दात रत्ने झाली. वरचा कप्पा कोरण्यास दगडच लागतो असे नाही.

फुजितांनी त्याच वर्षी 'अत्तू बेटावरील ग्योकुसाई' हे तैलचित्र काढले. ते अत्तूला कधीच गेले नव्हते. चित्र सुमारे दोन मीटर उंच व अडीच मीटरहून अधिक रुंद आहे. त्यात सारा रंग मातकट तपकिरी. मागे बर्फाचे डोंगर, आणि पुढे एकमेकांत गुंतलेल्या देहांचा असा ढीग की, जपानी कोण आणि अमेरिकन कोण हे चटकन ओळखू येत नाही. मेलेल्यांवर मरणारे, मरणाऱ्यांवर मारणारे. तळाशी थोडी जांभळट रानफुले. ध्वज नाही, विजय नाही, आकाशात कोणी देवता नाही. ज्यांनी सतिपट्ठान सुत्तातील नवसीवथिका, म्हणजे स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन वाचले आहे त्यांना या चित्रापुढे त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. काही समीक्षक त्यामुळेच यास युद्धविरोधी चित्र म्हणतात.

आमचे मत वेगळे आहे. हे चित्र आओमोरी येथे दाखविण्यात आले तेव्हा वृद्ध स्त्री-पुरुष त्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी चित्रापुढे नाणी टाकली, अशी हकिगत खुद्द फुजितांनीच नोंदविली आहे. चित्राचा असा परिणाम झाल्याचे पाहून ते भारावून गेले होते. म्हणजे चित्रकाराने वरचा कप्पा रिकामा ठेवला तरी तो पाहणाऱ्यांनी भरून काढला, कारण तो शब्द त्यांच्या कानांवर आधीच पडला होता. प्रेताचे दर्शन तेच. परंतु स्मृतीने पाहिले तर ते अशुभभावना होते, आणि भक्तीने पाहिले तर पुढच्या तुकडीची भरती. १९४५ सालच्या सायपान बेटावरील त्यांच्या चित्रात तर स्त्रिया केस विंचरून, मुले कवटाळून कड्यावरून मरणास सिद्ध झालेल्या दिसतात. तेही चित्रकाराने पाहिलेले नव्हते. वृत्तपत्रांत आलेल्या वर्णनावरून ते रचले होते.

या चित्रात कोण नाही, तेही पाहिले पाहिजे. अत्तूवर मूळची एक छोटी वस्ती होती. तेथील चाळीसहून अधिक उनंगन आदिवासींना जपानी सैन्याने १९४२ साली पकडून होक्काइदोतील ओतारू येथे नेले. त्यांपैकी बरेचजण तेथेच मेले, आणि जे वाचले त्यांना युद्धानंतर अमेरिकेनेही आपल्या गावी परतू दिले नाही. बेट दोन्ही सैन्यांचे झाले, ज्यांचे होते त्यांचे राहिले नाही. धरणाच्या पाण्याखाली गावे गेलेल्या मुळशीच्या वाचकांना याचा अर्थ आम्ही सांगण्याची गरज नाही.

आणखी एक कटू गोष्ट आपण बौद्धांनी झाकून ठेवू नये. जपानमधील बहुतेक बौद्ध पंथांनी त्या युद्धाला आशीर्वाद दिला होता. सोतो झेन पंथाने त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला तो १९९२ साली. काषाय वस्त्र अंगावर असले म्हणजे योधाजीव सुत्त आपोआप समजते असे नाही. त्याच पिढीतील अराई कांपो आणि नोसू कोसेत्सू हे दोन जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आपल्या अजिंठ्यास येऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत बसले होते. पुढे नोसूंनी १९३२ ते १९३६ या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात बुद्धचरित्र रंगविले. त्यात मारसेनेचा पराभवही आहे. मारावरील विजय हेच एकमेव युद्ध असे आहे की ज्यात शत्रूच्या बाजूला प्रेत पडत नाही.

अजिंठ्याचे नाव आलेच आहे तर आपल्याही घरात डोकावू. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदानाचे भव्य चित्र आहे. समुद्र ओलांडून बेटावर केलेल्या चढाईचे चित्र म्हणून ते प्रशांत महासागरातील चित्रांचे पूर्वज शोभेल. नावांतून हत्ती-घोडे उतरत आहेत, भाले उगारले आहेत, आणि समोर बेटावरील राक्षसी. जहाज फुटून त्या बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांना या राक्षसी खातात, सिंहल तेवढा वाचतो, पुढे राजा होतो आणि बेट जिंकतो, अशी कथा आहे. रेषा अप्रतिम आहे. कलेविषयी दुमत नाही. परंतु बेटावर आधीपासून राहणाऱ्यांना राक्षस ठरवून मग ते बेट जिंकणे ही रीत आपण चांगली ओळखतो. पुराणांतील राक्षस कोण होते हा प्रश्न विचारणाऱ्या आम्ही, चित्र बौद्ध लेण्यात आहे म्हणून तोच प्रश्न गिळावा काय? आम्हास तसे वाटत नाही. प्रशांत महासागरातील युद्धात अमेरिकन भित्तिपत्रकांनी जपान्यांना आणि जपानी भित्तिपत्रकांनी अमेरिकनांना राक्षसच रंगविले होते.

अमेरिकेच्या बाजूने ज्या चित्रकाराने ही रीत मोडली तो टॉम ली. 'लाइफ' साप्ताहिकाचा चित्रकार म्हणून त्याने आधी युद्धनौकांची उमेद वाढविणारी चित्रे काढली होती. १९४४ च्या १५ सप्टेंबर रोजी तो सैनिकांबरोबर पेलेल्यू बेटाच्या किनाऱ्यावर उतरला. तेथून परतल्यावर त्याने काढलेल्या चित्रांपैकी एकाचे नाव 'किंमत' असे आहे. तोफगोळ्याने अर्धा चेहरा व हात फाटलेला, रक्ताने माखलेला एक सैनिक अजून पावले टाकतो आहे. दुसऱ्या चित्रात एका सैनिकाचा चेहरा आणि डोळे. ते डोळे उघडे आहेत, पण पाहत काहीच नाहीत. 'लाइफ'ने ही चित्रे १९४५ च्या जून महिन्यात छापली. त्यापुढे कोणी नाणी टाकल्याचे आमच्या वाचनात नाही.

जपानमध्ये हे काम युद्धानंतर इरी आणि तोशी मारुकी या चित्रकार दांपत्याने केले. इरी हे मूळचे हिरोशिमाकडचे. बाँब पडल्यावर काही दिवसांतच दोघेही तेथे पोहोचले होते. १९५० ते १९८२ या काळात त्यांनी १५ विशाल चित्रपट रंगविले. १९७२ सालच्या चौदाव्या चित्रपटाचे नाव 'कावळे' असे आहे. हिरोशिमात मजुरीसाठी आणलेले कोरियन लोकही मोठ्या संख्येने मेले होते. प्रेते उचलताना कोरियनांची प्रेते शेवटपर्यंत तशीच ठेवण्यात आली आणि त्यांवर कावळे उतरले. अणुबाँबने भेद केला नाही. तो उचलणाऱ्यांनी केला. हे चित्र वर्गात पाहताना कोणीही काही बोलले नाही. आपल्याकडे स्मशानेही वेगळी असतात.

फुजितांच्या चित्रांसह १५३ जपानी रणचित्रे अमेरिकेने ताब्यात घेतली होती. ती १९७० साली बेमुदत उसनवारीवर टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात परत आली. ती सर्व एकत्र न मांडता थोडी थोडी दाखविली जातात. फुजितांची १४ चित्रे मात्र २०१५ साली एकत्र मांडण्यात आली होती.

आता सुभेदार काकांच्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. योधाजीव सुत्तही सैनिकाच्या चित्ताविषयीच बोलते. दुसऱ्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी प्रयत्न केले आणि १९४१ साली ती उभी राहिली; पण त्यासाठी त्यांनी कोणास स्वर्ग देऊ केला नाही. त्यांची मागणी नोकरीची, सन्मानाची व समान हक्काची होती. त्या पलटणीच्या आरंभीच्या टोपीचिन्हावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. त्या स्तंभावर अप्सरा नाहीत, चंद्र-सूर्य नाहीत. कंपनीची फुशारकी आहे हे खरे. परंतु तिच्याखाली नावे आहेत, आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे.

पुढच्या वर्गात आम्ही हे सर्व मांडले. सुभेदार काकांनी ऐकून घेतले. नंतर त्यांनी टॉम ली याच्या त्या डोळ्यांच्या चित्राची छापील प्रत हाती घेतली आणि बराच वेळ पाहून विचारले, "सर, हा पोरगा कुठल्या कंपनीचा? नाव काय याचं?" चित्रकाराने नाव लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले. "लिहायला पाहिजे होतं," एवढेच ते म्हणाले.