दोन गुंठ्यांवरचे घर आणि घरातील पावले

तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्याचा अंमल सैल करून एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार नियमित करण्याची घोषणा जुलै 2025 मध्ये विधानसभेत झाली, तेव्हापासून शहरांच्या वेशीबाहेर गुंठा-दोन गुंठे घेऊन वर्षानुवर्षे खरेदीखताची चिंता वाहणाऱ्या कुटुंबांत स्वतःचे घर बांधण्याचा विषय पुन्हा निघू लागला आहे. सातबारा, मोजणी व मंजुरी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु पुढील पन्नास वर्षांचे गृहजीवन ज्या एका कागदावर ठरावयाचे, त्या नकाशाचा विचार मात्र बहुधा एखाद्या आप्ताच्या घराची नक्कल मागवून एका संध्याकाळी उरकला जातो, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. तुकडा चौरस असेल तर 33 फूट लांब व तितकाच रुंद. हद्दीपासून सोडावयाचे अंतर रस्त्याप्रमाणे व स्थानिक नियमांप्रमाणे बदलते, तरी पुढे 10 फूट आणि उरलेल्या तिन्ही अंगांना पाच-पाच फूट सोडले असे धरले, तर बांधकामास 23 फूट बाय 18 फूट, म्हणजे अवघे 414 चौरस फूट उरतात, आणि एवढ्यात नांदते कुटुंब एका मजल्यावर मावणे कठीण. दोन गुंठ्यांची 33 फूट बाय 66 फुटांची पट्टी असेल तर त्याच हिशेबाने 1,173 चौरस फूट मिळतात. त्यांतले शंभराहून अधिक चौरस फूट बाहेरच्या नऊ इंची भिंतीच घेतात. आणि उरलेल्या जागेतून चार फूट रुंद व चोवीस फूट लांब असा पॅसेज काढला, की आणखी 96 चौरस फूट केवळ जाण्यायेण्यात खर्ची पडतात. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीसाठी सांगितलेले किमान क्षेत्र 9.5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पॅसेजमध्ये जवळजवळ एक खोली गेली हे कळते.

आमच्या जुन्या घरांना पॅसेज ठाऊक नव्हता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर व परसू अशी एकामागून एक रचना असे, आणि माजघर हीच वाट व हीच बसण्याउठण्याची जागा असे. मात्र ते माजघर बहुधा अंधारे असे व घरातील स्त्रियांचा दिवस त्याच अंधारात जाई, हे विसरून जुन्या रचनेचे गोडवे गाणे योग्य नव्हे. एकमजली घराला जो लाभ मजल्यांच्या घरास कधीही मिळत नाही तो येथेच उपयोगी पडतो : त्याच्या प्रत्येक खोलीवर आकाश आहे. मधल्या खोलीच्या छतात काचेचा झरोका ठेवला किंवा शक्य असल्यास सहा-आठ फुटांचा चौक सोडला, तर माजघर उजळते, पॅसेजची गरज उरत नाही आणि कोंडलेल्या उष्ण हवेस वर वाट मिळते.

परंतु खोल्यांचा क्रम ठरवावयाचा कशाच्या आधारे? येथे मला एका विलक्षण स्त्रीचे स्मरण होते. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की ही ऑस्ट्रियातील वास्तुरचनाकार. 1926 मध्ये अर्न्स्ट माय यांच्या हाताखाली फ्रँकफुर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी तिने स्वयंपाकघराची आखणी केली. भिंती काढण्यापूर्वी तिने कामाचा विचार केला : कोणत्या कामास किती वेळ लागतो, बाई कोठून कोठे किती वेळा जाते, कोणती वस्तू कोणत्या क्षणी हाताशी लागते. त्यातून सुमारे 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचे, म्हणजे सत्तर चौरस फुटांच्या आसपासचे स्वयंपाकघर सिद्ध झाले. खिडकीच्या उजेडात कामाचा ओटा, बसून भाजी चिरण्यासाठी स्टूल, तांदूळ-साखरेसाठी थेट ओतता येतील असे अॅल्युमिनियमचे खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. पुढे नाझींच्या राजवटीत ही स्त्री प्रतिकारात उतरली, 1941 पासून कारावासात राहिली, आणि 2000 साली शंभरी ओलांडून वारली.

तिचे स्वयंपाकघर आपण जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. त्यात एकच व्यक्ती काम करू शके व ती घरातील इतरांपासून तुटून पडे, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे; आणि आपल्याकडे तर सणासुदीला पुरणपोळीच्या घाण्यापाशी तीन बायका असतात. उचलावयाची ती पद्धत. धान्याची कोठी ओट्यापासून किती पावलांवर, भांडी घासण्याची मोरी मागल्या दाराशी आहे की घराला वळसा घालून, ताटे वाढताना किती उंबरे ओलांडावे लागतात, हे मोजले की निम्मा नकाशा आपोआप ठरतो.

उरलेला निम्मा ऊन व पाऊस ठरवतात. आपल्याकडे दुपारचे ऊन पश्चिमेच्या भिंतीस तापवते व पावसाची झडही बहुधा त्याच अंगाने येते, म्हणून न्हाणीघर व कोठी त्या बाजूस, आणि निजण्याच्या खोल्या पूर्वेस किंवा उत्तरेस असाव्यात. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे या वास्तुशास्त्राच्या आग्रहाने सकाळचे ऊन मिळते, तेव्हा जमीन अनुकूल असेल तेथे तो जरूर पाळावा. पण त्यासाठी खिडकी बुजवणे किंवा वृद्ध आईची खोली संडासापासून दूर नेणे मला सर्वथा अमान्य आहे. त्या खोलीला लागून न्हाणी-संडास, तीन फुटी दार आणि मध्ये एकही पायरी नाही, एवढी तजवीज आजच व्हावयास हवी.

म्हणून नकाशा मंजुरीस देण्यापूर्वी एक दिवस जागेवर जा, फक्कीने सगळ्या खोल्या जमिनीवर आखा, दारांच्या जागी विटा ठेवा, आणि जी व्यक्ती त्या घरात सर्वाधिक चालणार आहे तिला सकाळच्या चहापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंतचा दिवस त्या रेघांमधून चालून पाहू द्या. ती सांगेल तेथे रेघ पुसा, पुन्हा आखा, आणि मगच गवंड्याला पाया खणण्यास सांगा.