पार्श्वभूमीचे मौन

कथेतील स्थलवर्णन म्हणजे वाचकाने ओलांडून जावे अशी शोभेची कमान, हा समज वर्गांतून अद्याप आढळतो. तो किती अपुरा आहे हे पाहण्यासाठी आम्ही साहित्याच्या शेजारच्या एका कलेकडे, अॅनिमेशनपटाकडे, वळत आहोत. सामान्य चित्रपटात कॅमेऱ्यापुढे झाड आधीच उभे असू शकते. हाताने रंगविलेल्या चित्रपटात एक पानही आपोआप येत नाही. जे दिसते ते कोणी तरी निवडलेले असते.

वॉल्ट डिस्ने यांचा १९४२ सालचा ‘बॅम्बी’ घ्यावा. फेलिक्स साल्टन यांच्या कादंबरीवरील या चित्रपटासाठी आरंभी जे अरण्य रंगविले गेले, त्यात पानापानाचा तपशील होता. त्या गर्दीत हरणेच हरवत. तेव्हा तेथे कनिष्ठ जागेवर असलेल्या टायरस वाँग या चीनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने वेगळी नमुनाचित्रे काढून दाखविली. सुंग काळातील चिनी निसर्गचित्रांचा संस्कार त्यांवर होता: तपशील थोडा, धुके आणि प्रकाश अधिक, कडा विरघळलेल्या. नजर आपसूक हरणावर स्थिरावे.

कथनावर याचा परिणाम काय झाला? बॅम्बीच्या आईच्या मृत्यूचा प्रसंग पाहा. शिकारी पडद्यावर येत नाही. आईचे कलेवरही दिसत नाही. बंदुकीचा आवाज होतो, आणि मग दाट हिमवर्षावात पाडस तिला हाका मारीत फिरते. त्या पांढऱ्या रितेपणातच पोरकेपण सांगितले जाते.

याउलट १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त आयव्हिंड अर्ल यांनी प्रत्येक झाड कोरल्यासारखे रेखीव केले. ती दृश्ये अपूर्व आहेत. तरी पात्रे त्यांखाली दबतात, असा आक्षेप घेतला गेला. तपशील हा दोष नव्हे. तो कथेस विसरला की ओझे होतो, एवढेच.

१९४१ च्या संपानंतर वाँग यांची नोकरी गेली. श्रेयनामावलीत ते केवळ पार्श्वभूमीच्या चित्रकारांपैकी एक राहिले. डिस्ने संस्थेने २००१ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१६ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, ते निवर्तले. पार्श्वभूमीला गौण मानण्याची किंमत तिच्या कर्त्यालाही मोजावी लागते, ती अशी.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. स्थलवर्णन शिकविताना ‘लेखकाने काय रंगविले?’ या प्रश्नाला जोडून ‘काय वगळले, आणि का?’ हेही विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे.